आमच्या स्पीकरचा गळा बसला!

बालमित्रांनो, शाळेचं स्नेहसंमेलन झालं की दुसऱ्या दिवशी वर्गात काय होतं, आठवतंय ना? निम्म्या मुलांचे गळे बसलेले असतात. कुणाचा आवाज घोगरा येतो, कुणाचा फाटका येतो, तर कुणाचा मुळी येतच नाही! मग घरी आई मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावते आणि दोन-तीन दिवसांत गळा पुन्हा मोकळा होतो.

पण समजा, घरातल्या स्पीकरचाच गळा बसला तर? त्याला गुळण्या कोण करायला लावणार?

हसू नका. हे आमच्याच घरी घडलं. म्हणजे असं झालं...

मी राहते कोलशेतला. ठाण्याच्या कापूरबावडीहून आत वळलं, ढोकाळी मागे टाकली, की कोलशेत रोड पार खाडीच्या दिशेने जातो. आता या रस्त्यावर मान वर करून पाहावं लागेल अशा उंच इमारती झाल्या आहेत; पण मूळ गाव आगरी-कोळ्यांचं. आमचं घरही गावातलंच, जुनं. माझे बाबा याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात कामाला होते. २००६ सालच्या दिवाळीत बोनस मिळाला, तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेने 'होम थिएटर' आणलं. पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा लाकडी डबा. आळीतली निम्मी मुलं त्या दिवशी आमच्या ओट्यावर जमली होती!

या गोष्टीत आणखी एक व्यक्ती आहे. माझी आजी. आजी धवलारीण होती. धवलारीण म्हणजे कोण, माहीत आहे? आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून पुढचे विधी गाण्यातून सांगणारी, ते करवून घेणारी बाई. त्या गाण्यांना 'धवले' म्हणतात. आजीकडे ना पुस्तक होतं, ना वही. सगळं तोंडपाठ! १९९८ साली आत्याच्या लग्नात कुणीतरी टेपरेकॉर्डर चालू ठेवला म्हणून तिचे धवले एका कॅसेटवर उतरले. पुढे भावाने त्या कॅसेटची सीडी करून घेतली. २०११ साली आजी गेली. तिच्या आवाजाची तेवढी एकच आठवण आमच्याकडे राहिली.

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. बाबांनी ठरवलं, की हळदीला आजीचेच धवले लावायचे. सगळी तयारी झाली. पण हळद लागायच्या आधी मुलं नाचायला उतरली. "आवाज वाढव! आणखी वाढव!" असा एकच गलका झाला. कुणीतरी बटण फिरवलं, पार शेवटापर्यंत. आणि थोड्या वेळाने...

फट्ट! खर्रर्र... फडफड फडफड...

आम्ही घाईघाईने गाणं बंद केलं आणि आजीची सीडी लावली. डावा स्पीकर मुका. उजव्यातून पत्र्यावर नखं ओढल्यासारखी खरखर. मोठ्या डब्यातून कोंबडी पंख झाडतेय असा आवाज. आजी कुठे ऐकूच येईना. आई आतून बाहेर आली आणि तिच्या आगरी बोलीत म्हणाली, "अगो, याचा तं गला बसला!"

सगळे हसले. बाबा मात्र हसले नाहीत. मोबाइलवर तेच धवले लावून पाहिले, पण मोबाइलचा स्पीकर तो केवढासा! आजीचा जाड, भरदार आवाज त्यातून डबीत कोंडल्यासारखा यायला लागला. बाबा उठले आणि ओट्यावर जाऊन बसले.

आवाज येतो तरी कुठून?

लग्न पार पडलं. पाहुणे गेले. रविवारी सकाळी मी चटई अंथरली आणि सगळे स्पीकर मांडून बसले. मदतीला दोघं. एक माझी आठवीतली भाची. दुसरा आमच्या शेजारचा पाचवीतला मुलगा. तो माझ्याच शाळेत शिकतो, म्हणून मला 'बाई' म्हणतो. आज तो जरा गप्प-गप्पच होता. का, ते पुढे कळेलच.

"मावशी, आधी काय उघडायचं?" भाचीने विचारलं.

"आधी काहीच उघडायचं नाही. आधी प्लग काढायचा!"

दोस्तांनो, हे पक्कं लक्षात ठेवा. विजेच्या वस्तूला हात लावण्याआधी तिचा प्लग भिंतीतून बाहेर. आणि प्लग काढला, तरी अॅम्प्लिफायर मुलांनी उघडायचा नाही. त्यात कपॅसिटर नावाचे डबीसारखे भाग असतात, ते प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवतात. आमच्या सेटमध्ये अॅम्प्लिफायर त्या मोठ्या डब्यातच बसवलेला आहे. म्हणून तो डबा मी आणि भावाने मिळून उघडला, मुलांना लांब बसवून. सुटा काढलेला स्पीकर मात्र गरीब प्राणी असतो. त्याच्यात साठवलेली वीज वगैरे काही नसते.

एक छोटा स्पीकर मी पालथा केला. "बघा, मागे हे जाडजूड गोल काय आहे?"

"लोहचुंबक!" भाची म्हणाली. तिने स्क्रू जवळ नेला, तर तो टुणकन उडी मारून चिकटला.

"बरोबर. आणि पुढचा हा शंकूसारखा कागद म्हणजे कोन. कोनच्या मागच्या टोकाला एक छोटी नळी असते. तिच्यावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे गुंडाळलेले असतात. ती कॉइल. कॉइल चुंबकाच्या मधल्या अरुंद खाचेत तरंगत असते. कुठेही न टेकता, बरं का!"

आता यातली गंमत पाहा. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की तारेतून वीज वाहिली की तिच्याजवळची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे वीज वाहणारी तार स्वतःच चुंबकासारखी वागते. आपल्या कॉइलमधून वीज एका दिशेने गेली, की चुंबक तिला पुढे ढकलतो. उलट दिशेने गेली, की मागे ओढतो. गाण्याची वीज सेकंदाला शेकडो, हजारो वेळा दिशा बदलते. तितक्या वेळा कॉइल पुढेमागे होते, तिला चिकटलेला कोन पुढेमागे होतो, कोनसमोरची हवा पुढेमागे होते आणि ती थरथर आपल्या कानापर्यंत येते. झाला आवाज!

आज आपण वापरतो त्या धाटणीचा स्पीकर १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघा इंजिनिअरांनी तयार केला. म्हणजे या गोष्टीला शंभर वर्षं झाली. मधल्या काळात टीव्ही बदलले, फोन बदलले, कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या. स्पीकर मात्र आतून जवळजवळ तोच आहे. म्हणूनच तो उघडून समजून घेता येतो आणि पुष्कळदा दुरुस्तही करता येतो.

पाच स्पीकर कशाला?

"पण बाई, कान तर दोनच आहेत. मग स्पीकर पाच कशाला?" आमच्या गप्प गड्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

प्रश्न चांगला होता. मी त्याला डोळे मिटून बसवलं आणि भाचीला खोलीत फिरून टाळ्या वाजवायला सांगितलं. तो दर वेळी बरोबर तिकडे बोट दाखवायचा. कसं? टाळी उजवीकडे वाजली, की आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला मागाहून. हा 'मागाहून' किती, ठाऊक आहे? सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी! तरी आपला मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो.

मेंदूच्या याच हुशारीचा फायदा सिनेमावाल्यांनी घेतला. १९४० साली वॉल्ट डिस्नेच्या 'फँटेशिया' या चित्रपटासाठी थिएटरात वेगवेगळ्या बाजूंना स्पीकर लावून संगीत फिरवण्याचा प्रयोग झाला. आपल्याकडे १९७५ साली आलेल्या 'शोले'ला सहा ट्रॅकचा स्टीरिओफोनिक आवाज होता. पुढे १९९२ पासून थिएटरात डिजिटल '५.१' आवाज आला आणि काही वर्षांत तो घराघरांतही शिरला. यातले ५ म्हणजे पुढचे डावा-मधला-उजवा आणि मागचे डावा-उजवा. आणि '.१' म्हणजे तो मोठा डबा, सबवूफर. त्याच्याकडे फक्त खालच्या पट्टीतले, घुमणारे आवाज. ते कुठून येताहेत हे कानाला नीट ओळखता येत नाही, म्हणून तो डबा कोपऱ्यात ठेवला तरी चालतो.

गाण्याची सीडी लावली की आमच्या सेटमध्ये पुढचे डावा-उजवा आणि मोठा डबा असे तिघंच वाजतात. हळदीच्या रात्री सगळा मार याच तिघांना बसला होता!

पहिला रोगी : मुका

डॉक्टर आधी औषध देत नाहीत. आधी तपासतात. आपणही तसंच करायचं. डावा स्पीकर मुका आहे. पण दोष स्पीकरचाच, की वायरीचा, की अॅम्प्लिफायरचा? मी डाव्या वायरीला मागचा चांगला स्पीकर जोडला. तो छान वाजला. म्हणजे वायर आणि अॅम्प्लिफायर निर्दोष. चोर स्पीकरमध्येच होता!

मग मल्टिमीटर काढला. तारेतून वीज जायला किती अडथळा होतो ते हे यंत्र सांगतं. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. आमच्या स्पीकरवर '४ ओहम' छापलेलं आहे. चांगल्या स्पीकरला मीटर लावला, तर ३.४ दिसले. छापील आकड्यापेक्षा थोडे कमी दिसतात, ते ठीकच असतं. डाव्याला लावला, तर मीटरवर डाव्या कोपऱ्यात नुसता १ आला. आमच्या मीटरमध्ये त्याचा अर्थ 'रस्ता बंद'!

"म्हणजे कॉइल जळली?" भाचीने विचारलं.

"थांब. रस्ता कुठे बंद आहे, ते आधी शोधू."

स्पीकरच्या पट्टीपासून कोनपर्यंत दोन लवचिक, वेणीसारख्या विणलेल्या तारा जातात. मी मीटरची टोकं पट्टीवर न लावता, त्या तारा कोनला जिथे मिळतात तिथे टेकवली. मीटरवर काय आलं? ३.४! कॉइल जिवंत होती! मग भाचीने भिंग घेतलं आणि तिलाच चोर सापडला. वेणीची एक तार पट्टीजवळ तुटून नुसती टेकून राहिली होती. वायर पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तसंच. कोन जोरजोरात हलून हलून तार तुटली होती.

मी सोल्डरिंगने तिला डाख दिला. (हे काम मोठ्यांनी करायचं. त्या टोकाचा चटका फार वाईट!) डाख देताना तार ताणून बसवली नाही, थोडी सैल ठेवली. नाहीतर ती पुन्हा तुटली असती. पहिला रोगी बरा! खर्च काय म्हणाल, तर ज्वारीच्या दाण्याएवढं सोल्डर.

दुसरा रोगी : खरखऱ्या

उजव्या स्पीकरच्या कोनवर दोन्ही अंगठे समोरासमोर ठेवून मी तो अगदी हलक्या हाताने आत दाबला. चांगला स्पीकर असा दाबला तर काही आवाज होत नाही. हा मात्र खर्रर्र करून घासला. मीटरवर ३.४ ऐवजी २.१ आले. आणि नाक जवळ नेलं तर जळका वास!

तांब्याच्या तारेवर पातळ मुलामा असतो. त्यामुळे वेढे एकमेकांना चिकटून बसले तरी वीज एकातून दुसऱ्यात थेट उडी मारत नाही. कॉइल तापली, मुलामा जळला, विजेला जवळच्या वाटा मिळाल्या. म्हणून ओहम कमी झाले. नळी फुगून वाकडी झाली आणि खाचेत घासायला लागली.

"पण कॉइल तापली कशाने?" भाचीने विचारलं.

तेवढ्यात आमचा गप्प गडी रडवेला होऊन म्हणाला, "बाई, बटण मीच फिरवलं होतं. पण मी फक्त दुप्पट केला होता आवाज! खरंच, फक्त दुप्पट."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "तू खरं सांगितलंस, हे फार चांगलं केलंस. आता ये, हे 'फक्त दुप्पट' म्हणजे किती ते पाहू."

मुलांनो, तुम्हीही नीट वाचा. कानाला आवाज साधारण दुप्पट मोठा वाटायला हवा असेल, तर स्पीकरला वीज दुप्पट देऊन भागत नाही. ती दसपट द्यावी लागते! आधी ५ वॉट जात असतील, तर आता ५० वॉट. आणि त्यातली आवाज होऊन बाहेर किती येते? घरगुती स्पीकरमध्ये १०० भागांतला एखाद-दुसरा भाग. बाकी सगळ्याची होते उष्णता, तीही त्या बारीकशा कॉइलमध्ये! त्यात अॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर पळवलं, की आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटले जातात. गाणं फाटल्यासारखं ऐकू येतं आणि कॉइलला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. म्हणून गाणं फाटायला लागलं, की समजायचं, स्पीकर 'वाचवा' म्हणून ओरडतोय. बटण लगेच मागे!

"म्हणजे मी दसपट वीज दिली?" त्याचे डोळे मोठे झाले.

"होय. एका माणसाच्या डोक्यावर दहा माणसांचं ओझं!"

हा स्पीकर घेऊन मी पुढच्या शनिवारी मुंबईला गेले. ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा हा मुंबईतला प्रसिद्ध बाजार. आणखी गंमत सांगू? 'शोले' ज्या मिनर्व्हा थिएटरात वर्षानुवर्षं चालला, ते याच रस्त्यावर होतं. आता ते राहिलेलं नाही.

तिथल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी स्पीकर हातात घेतला, दाबला, हुंगला आणि म्हणाले, "ताई, मोठा स्पीकर असता तर नवी कॉइल, नवा कोन घालून दिला असता. एवढ्याशाला कॉइल घालण्यात अर्थ नाही. याच मापाचा, याच ओहमचा दुसरा बसवा." ओहमचं त्यांनी दोनदा बजावलं. कमी ओहमचा स्पीकर लावला, तर जास्त वीज खेचली जाते आणि बिचारा अॅम्प्लिफायरच जळतो.

नवा स्पीकर आणला, पण त्याचा सूर जुन्यापेक्षा जरा निराळा होता. डावा एक बोलतोय, उजवा दुसरंच! मग युक्ती कुणी सुचवली असेल? आमच्या गप्प गड्याने! "बाई, मागचा जुना स्पीकर पुढे आणू आणि नवा मागे लावू. मागून थोडाच आवाज येतो, फरक कळणार नाही." शाब्बास! पुढची जोडी पुन्हा जुळली.

जोडताना अधिक-उणे टोकं मात्र तपासून घेतली. दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन स्पीकरला क्षणभर टेकवायचा. 'टक्' झालं आणि कोन पुढे आला, तर सेलचं अधिक टोक लावलंय ते स्पीकरचंही अधिक. कोन मागे गेला, तर उलट. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर? एक हवा पुढे ढकलतो, तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि घुमणारा आवाज दोघांमध्येच जिरून जातो.

तिसरा रोगी : फडफड्या

आता मोठा डबा. त्याचा कोन आणि बाहेरची लोखंडी चौकट यांच्यामध्ये मऊ फोमची गोल कड असते. त्या कडेमुळेच कोन मोकळेपणाने पुढेमागे होतो. भाचीने तिला बोट लावलं मात्र, आणि काय सांगू! पापडाचा चुरा व्हावा तसा फोम गळून पडला.

यात हळदीचा दोष थोडाच होता. हा फोम ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी आपोआप कुजतो. पंधरा-वीस वर्षांत बऱ्याच स्पीकरांचं असं होतं. आणि आमचं गाव तर खाडीकाठचं! पावसाळ्यात आमच्याकडे पापड मऊ व्हायला वेळ लागत नाही, तिथे फोमची काय कथा?

पण कॉइल शाबूत होती, कोन शाबूत होता. नुसती कड बदलायची होती. चौकटीचा आणि कोनचा व्यास पट्टीने मोजून मी लॅमिंग्टन रोडवरूनच नवी कड आणली होती. या वेळी रबराची, म्हणजे आणखी टिकेल. जुना फोम आणि वाळलेला गोंद हळूहळू खरवडून काढायला आम्हाला दोन तास लागले. आधी नवी कड कोनला चिकटवली आणि पूर्ण वाळू दिली. मग ती चौकटीला चिकटवायची वेळ आली. हा सगळ्यात नाजूक भाग! कोन केसभर जरी एका बाजूला गेला, तरी कॉइल खाचेत घासणार. म्हणून गोंद ओला असतानाच कोन पुन्हा पुन्हा हलकेच दाबून कान लावायचा. खर्र आलं की किंचित सरकवायचा. आमच्या पाचवीतल्या गड्याचे कान सगळ्यांत तिखट. तो डोळे मिटून ऐकत होता. "बाई, घासतंय... अजून घासतंय... आता नाही!" तिथेच कड दाबून बसवली आणि चोवीस तास कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. घरातल्या मांजरालाही कोंडून ठेवलं!

आजी मधोमध येऊन बसली

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं जोडलं. बाबांना हाक मारली. भावाने आजीची सीडी लावली. मी बटण फिरवलं, चौथ्या हिस्स्यापर्यंत, बस्स.

आधी थोडी खसखस, मग मांडवातला गलबला, भांड्यांचे आवाज, आणि मग आजी! तिचा आवाज डावीकडूनही येत नव्हता आणि उजवीकडूनही नाही. तो अगदी मधून येत होता, जिथे भिंत होती आणि भिंतीवर तिचाच फोटो होता. दोन्ही स्पीकर सारखेच बोलले की मेंदूला वाटतं, आवाज मधूनच येतोय. हे शास्त्र मला माहीत आहे, मुलांनाही मीच ते सांगितलं होतं. तरीसुद्धा अंगावर काटा आला.

आई डोळ्यांना पदर लावून ऐकत होती. बाबा मात्र खुर्ची ओढत ओढत स्पीकरजवळ गेले. मग खुर्ची सोडून खाली बसले आणि त्यांनी मोठ्या डब्यावर तळहात ठेवला.

"बाबा, आवाज वाढवू?" मी विचारलं.

"नको. वाढवून मला थोडंच ऐकू येणार आहे? असाच बरा लागतोय हाताला."

मुलांनो, माझ्या बाबांना नीट ऐकू येत नाही. जवळजवळ तीस वर्षं ते कारखान्यात कॉम्प्रेसरच्या खोलीत उभे होते. तेव्हा कानात बोळे घालायची कुणाला सवयच नव्हती. आमचा पाचवीतला गडी त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "आजोबा, तुमचे कान दुरुस्त नाही का होत?"

बाबा हसले. म्हणाले, "अरे, याचं बरं आहे. स्क्रू काढला, उघडला, नवीन कड लावली. माझा कान कुठून उघडणार?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. आजी तेवढी गात राहिली.

ज्याचा सुटा भाग मिळत नाही

बाबांचं बोलणं अगदी खरं आहे. आपल्या आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूला निरोप पाठवतात. फार मोठ्या आवाजाने, किंवा मोठा आवाज फार वेळ ऐकून, त्या मरतात. आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. लॅमिंग्टन रोडला काय, जगातल्या कुठल्याही बाजारात त्या मिळत नाहीत. श्रवणयंत्राने मदत होते, पण गेलेली पेशी परत येत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मुलांनी ७५ डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. आवाज जितका मोठा, तितका वेळ कमी. इयरफोन घातल्यावर हाताच्या अंतरावरच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना, तर आवाज जास्त आहे असं समजा.

आपल्या देशात यासाठी नियमही आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. सरकार वर्षातले काही ठराविक सणाचे दिवसच मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे नियम नुसते कागदावर राहू नयेत, म्हणून आपल्या ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. २०१६ साली न्यायालयाने ते नियम काटेकोरपणे पाळले जावेत, असा निकाल दिला. हळद वाजतगाजत व्हायलाच हवी, आमच्याकडे तर हवीच हवी! पण गाणं फाटेपर्यंत, आणि शेजारचं तान्हं बाळ दचकेपर्यंत नको.

करून पाहा

जाता जाता एक प्रयोग. कागदी पेला घ्या. मुलामा असलेली बारीक तांब्याची तार जाड स्केचपेनवर पन्नास वेढे गुंडाळा आणि ते वेटोळं पेल्याच्या बुडाला बाहेरून चिकटवा. तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून मुलामा काढा. बुडाजवळ एक लोहचुंबक धरा. आता टोकं दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. पेल्यात कान नेऊन ऐका. 'टक्'! झाला तुमचा पहिला स्पीकर. टोकं जास्त वेळ टेकवून ठेवू नका, तार आणि सेल तापतात. आणि भिंतीतल्या विजेला हा खेळ मुळीच जोडायचा नाही, बरं का!

आमच्या घरी आता होम थिएटरच्या बटणाजवळ नेलपॉलिशचा एक लाल ठिपका आहे. त्यापुढे बटण न्यायचं नाही, असा नियम आहे. तो ठिपका कुणी लावलाय, ते तुम्ही ओळखलंच असेल!